क्ष-किरणांच्या खोलीतली मावशी
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



चिटणीसबाईंनी यंदा मला दोन शब्द बोलायला सांगितले तेव्हा मी म्हटले, "अहो, माझी शाळा सातवीपर्यंत. मी बोलणार ते काय?" उन्हाळी वाळवणांचा विषय असता तर मी न अडखळता तासभर बोलले असते. पण त्या म्हणाल्या, "परवा भिशीच्या वेळी तुम्ही वन्संच्या कामाबद्दल जे सांगत होता तेच सांगा. आपल्यातल्या पुष्कळ जणींना ते ठाऊक नाही." म्हणून हे लिहून आणले आहे. भाचीने शुद्धलेखन तपासले, आणि सनावळी व आकडे तिच्या पुस्तकांवरून ताडून दिले. मते मात्र माझी आहेत, त्यांचा दोष तिला देऊ नये.

आमच्या वन्सं, म्हणजे यांची धाकटी बहीण, शहरातल्या एका खाजगी तपासणी केंद्रात बारा वर्षे कामाला आहेत. तिथे एक्सरे, सोनोग्राफी, सीटी स्कॅन आणि एमआरआय असे सगळे होते. यजमान गेले तेव्हा पदरात चार वर्षांची मुलगी. मिळेल ते काम धरायचे होते, ते हे मिळाले. तिथे त्यांना कोणी नावाने हाक मारीत नाही. डॉक्टर, तंत्रज्ञ, पेशंट, पेशंटचे नातेवाईक, झाडून सगळे 'मावशी' म्हणतात. मावशी हा शब्द गोड आहे, पण तो काही हुद्दा नव्हे. पगारपत्रकावर 'हेल्पर' असे लिहिलेले असे.

आता या मावशीचे काम काय? आपल्याला वाटते, फोटो यंत्र काढते आणि बटण तंत्रज्ञ दाबतो. ते खरेच आहे. पण बटण दाबण्याआधीची दहा मिनिटे मावशीची असतात. एकाच नावाच्या दोघी एकाच सकाळी येतात, म्हणून नाव, वय, डॉक्टरांची चिठ्ठी पुन्हा ताडून पाहायची. कपडे बदलायला लावायचे. हुक, सेफ्टीपिना, ताईत, कमरेचा करगोटा, सगळे उतरवून घ्यायचे. मोडलेला हात कोपराखाली आधार देऊन कसा उचलावा, कंबर धरलेल्या म्हातारीला टेबलावर कोणत्या कुशीवरून वळवावे, हे तिने जाणायचे. "श्वास घ्या, धरून ठेवा, आता सोडा" हे माणसाला त्याच्या बोलीत समजावायचे. कारण घाबरलेला माणूस श्वास धर म्हटले की नेमका सोडतो.

हे नीट झाले नाही तर फोटो पुन्हा काढावा लागतो. पुन्हा म्हणजे किरणही पुन्हा. भिण्यासारखे त्यात फार नाही, हेही सांगून ठेवते. अंगाला लागणारे किरण मिलिसिव्हर्ट या मापाने मोजतात. छातीच्या एका साध्या फोटोला ०.०२ मिलिसिव्हर्टच्या आसपास लागतात. मातीतून, आकाशातून, खाण्यापिण्यातून आपल्याला नुसते जगताना दोन-तीन दिवसांत जेवढे लागतात तेवढेच ते आहेत. सीटी स्कॅनला मात्र याच्या शेकडोपट लागू शकतात. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी भीतीने टाळू नये, आणि हलगर्जीपणाने ती दोनदा करायची पाळीही आणू नये. यंत्र बंद झाले की एक्सरेच्या खोलीत किरण रेंगाळत नाहीत. काही बायका नाकाला पदर लावून आत जातात, त्याची गरज नाही.

वन्संनी सांगितलेली एक गोष्ट माझ्या मनात घर करून बसली आहे. जाड वेणी खांद्यावरून पुढे राहिली, तर फोटोत फुफ्फुसाच्या वरच्या टोकाशी तिची सावली पडते. क्षयाचा डाग पुष्कळदा त्याच टोकाशी दिसतो. म्हणजे वेणी वर बांधायची राहिली, तर धडधाकट पोरीवर क्षयाचा संशय यायचा. निदान डॉक्टर पुढे तपास करून संशय फेडतील. पण लग्न ठरत आलेल्या मुलीच्या घरात ते चार दिवस कसे जातील याचा विचार करा. आणि हे टाळायला काय लागते? एक रबर लागतो, आणि तो का बांधायचा हे माहीत असलेली बाई लागते.

या किरणांचा शोध जर्मनीत व्यूर्त्सबुर्ग गावी विल्हेल्म राँटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी लावला. त्याच २२ डिसेंबरला त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचा फोटो घेतला. भाचीच्या पुस्तकात तो छापलेला आहे. बोटांची हाडे दिसतात आणि एका बोटात अंगठी. मी तो कौतुकाने वन्संना दाखवायला गेले, तर त्या म्हणाल्या, "अंगठी काढायची राहिली!"

यावरून मंगळसूत्राची गोष्ट निघते. छातीच्या फोटोला मंगळसूत्र गळ्यात चालत नाही. तुम्ही-आम्ही कुरकुर करून काढू, पण खेड्यातून आलेल्या सत्तरीच्या आजीबाई काढायला तयार होत नाहीत. तंत्रज्ञ तरुण असतो, त्याच्यामागे पंचवीस पेशंट थांबलेले असतात, तो ओरडतो. वन्सं त्यांना पडद्याआड नेतात आणि म्हणतात, "आजी, टाकून देऊ नका. मुठीत घट्ट धरा, फक्त गळ्यात नको." छातीच्या फोटोला मुठीतले मंगळसूत्र आड येत नाही. आजीबाई मूठ आवळून उभ्या राहतात, फोटो पहिल्या खेपेला निघतो. ही युक्ती त्यांना कोणी शिकवली नाही, त्यांची त्यांना सुचली. आता ती पाठ करून दुसऱ्या केंद्रातल्या मावशीला सांगण्याची काही सोय आहे का? नाही. प्रत्येक मावशी पहिल्यापासून सगळे स्वतःच शोधते. मला या कामातली सगळ्यात मोठी नासाडी हीच वाटते.

एमआरआयच्या खोलीत मात्र मुठीतलेही चालत नाही. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, तिथे चुंबक असतो. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तो सुमारे तीस हजार पट जोरदार असतो. आणि नीट ऐका, तो रात्रंदिवस चालू असतो. तपासणी चालली नसली, दिवे मालवलेले असले, पडद्यावर काही दिसत नसले, तरी चुंबक चालूच. लोखंडी वस्तू दारातून आत गेली की ती उडून त्याला जाऊन चिकटते. स्ट्रेचर, व्हीलचेअर, कात्री, केसांतल्या पिना, कुणाच्या शरीरात बसवलेले हृदयाचे यंत्र, या सगळ्यांची चौकशी दाराबाहेर व्हावी लागते. ती बहुतेक वेळा करते कोण? मावशी.

२७ जानेवारी २०१८ रोजी मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात काय झाले ते तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. नातलगाबरोबर आलेला ३२ वर्षांचा एक तरुण ऑक्सिजनचे नळकांडे घेऊन एमआरआयच्या खोलीत शिरला. चुंबकाने नळकांड्यासकट त्याला ओढले, आणि त्याचा जीव गेला. यंत्र बंद आहे असे आतल्या कर्मचाऱ्याने सांगितले होते, असे नातेवाइकांचे म्हणणे वर्तमानपत्रांत आले. पुढे डॉक्टरबरोबर खालच्या कर्मचाऱ्यांवरही गुन्हा दाखल झाला. ज्याचे चुकले त्याला शिक्षा व्हावी, यात माझे दुमत नाही. पण गुन्हा नोंदवायच्या वेळी वॉर्डबॉय आणि आया हे कर्मचारी ठरतात, आणि शिकवायच्या वेळी ते कोणीच नसतात, हे कसे? 'बंद' म्हणजे काय आणि 'चालू' म्हणजे काय, एवढे एक वाक्य त्या खोलीत पाय ठेवणाऱ्या प्रत्येक माणसाला पहिल्या दिवशी शिकवले पाहिजे.

आता वन्संच्या बाबतीत घडलेले सांगते. पहिली सहा वर्षे त्यांना कोणी काही शिकवले नाही. लहान मूल टेबलावर रडू लागले, हलू लागले, की हाक यायची, "मावशी, जरा धरा हो." त्या धरायच्या. कधी शिशाचे एप्रन अंगावर असे, कधी घाईत नसे. किरणांची मोजदाद करणारा बिल्ला असतो, तो त्यांच्या अंगावर नव्हता. मागितला तर उत्तर मिळाले, "तुम्ही काय यंत्र चालवता?" त्या केंद्राचे नाव मी घेत नाही. पोटासाठी त्या अजून तिथेच आहेत, आणि आता तिथली तऱ्हा बदलली आहे हेही खरे.

बदलली कशी, तर नवी तंत्रज्ञ म्हणून एक शिकलेली मुलगी आली. तिने दुसऱ्याच दिवशी वन्संना बाजूला घेऊन सांगितले, "मावशी, पोराला धरायचे काम तुमचे नाही. रोज रोज एकाच माणसाने धरायचे नसते. त्याच्या वडिलांना एप्रन घालू आणि त्यांना धरू दे. आईला आधी विचारायचे, दिवस गेलेले आहेत का." एवढ्या चार वाक्यांनी सहा वर्षांची रीत मोडली. मग त्या मुलीने डॉक्टरांना गाठले, आणि पुढच्या तिमाहीत वन्संना बिल्ला आला.

हा बिल्ला म्हणजे काय ते सांगते. त्याला टीएलडी बॅज म्हणतात. आत औषधाच्या वडीसारख्या तीन चकत्या असतात. अंगावर पडलेल्या किरणांची नोंद त्या धरून ठेवतात. एप्रनच्या आत छातीशी तो लावायचा, आणि दर तीन महिन्यांनी मोजणीला पाठवायचा. आपल्या देशात या कामावर देखरेख ठेवणारे अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झाले आणि ते मुंबईतच आहे. त्याने मर्यादा घालून दिली आहे. किरणांच्या कामावर असलेल्या माणसाला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० हून जास्त नाही. बाहेरच्या माणसाला वर्षाला १. काम करणाऱ्या बाईला दिवस गेले की तिने ते वरिष्ठांना लगेच सांगावे. मग पोटातल्या बाळाचा हिशेब बाहेरच्या माणसासारखा धरतात. नोकरी जाईल या भीतीने बायका हे लपवतात. लपवू नये हेही कोणीतरी सांगावे लागते, आणि सांगितल्यावर नोकरी जाणार नाही हेही कोणीतरी पाहावे लागते.

एप्रनचीही एक गंमत आहे. ते घडी घालून ठेवायचे नसते. जरीची साडी वर्षानुवर्षे एकाच घडीवर राहिली की घडीवर चिरते ना, तीच गत. आतला शिशाचा थर घडीवर तडकतो, वरून काही दिसत नाही, आणि आपण समजतो की अंग झाकले आहे. म्हणून ते टांगून ठेवायचे. हे कळेपर्यंत वन्संनी ती एप्रने रोज संध्याकाळी किती निगुतीने घड्या करून कपाटात लावली होती!

सोनोग्राफीच्या खोलीतली मावशी आणखी निराळ्या पेचात असते. गर्भलिंग सांगण्याला मनाई करणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी, १९८८ साली केला. साऱ्या देशाचा कायदा १९९४ चा, आणि तो १९९६ पासून अमलात आला. गर्भार बाईची सोनोग्राफी म्हटली की 'एफ' नमुन्याचा अर्ज बिनचूक भरावा लागतो. तपासणी डॉक्टर करतात, पण ओळखीचे कागद गोळा करणे, सही घेणे, बाईला टेबलावर घेणे हे मावशीकडे येते. आणि बाहेर पॅसेजमध्ये तिला कोण गाठते ठाऊक आहे? सासवा. पाचशेची नोट पुढे करतात आणि हळूच विचारतात, "मावशी, पेढे की बर्फी, तेवढे सांगा." हे इथे बोलायला मला संकोच वाटतो, कारण त्या सासवा तुमच्या-आमच्यासारख्याच असतात. या कायद्याखाली पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे, आणि तो नुसता डॉक्टरांना नाही, त्या केंद्रात तांत्रिक काम करणाऱ्या नोकरालाही लागतो. ज्या बाईला महिना काढताना नाकी नऊ येतात तिच्यापुढे ती नोट धरायची! वन्सं म्हणतात, "मला माहीत नसते, आणि माहीत असते तरी सांगितले नसते." पण दुसरी एखादी नवी, अडलेली बाई असेल. तिला कायदा कोणी समजावला आहे?

कोणी म्हणेल, कमी शिकलेल्या बायकांना हे सगळे कसे शिकवणार? त्यांना मी भाचीच्याच पुस्तकातली एक हकीकत सांगते. १९१४ साली युरोपात महायुद्ध पेटले तेव्हा मारी क्युरी यांनी मोटारीत क्ष-किरणांची यंत्रे बसवून ती फ्रान्सच्या रणभूमीवर नेली. शिपायांच्या अंगात गोळी कुठे अडकली आहे ते शस्त्रवैद्याला दिसावे म्हणून. यंत्रे झाली, चालवायला माणसे नव्हती; पुरुष लढाईवर. तेव्हा त्यांनी १९१६ पासून पॅरिसमध्ये बायकांचे वर्ग चालवले आणि सुमारे दीडशे जणींना तयार केले. थोडी विजेची ओळख, थोडी किरणांची, माणसाच्या शरीराची रचना, आणि यंत्रावर हात बसवणे. त्या साऱ्याच काही विद्यापीठातून आलेल्या नव्हत्या. त्यांची सोळा-सतरा वर्षांची मुलगी ईरेन लढाईच्या काळात आईबरोबर याच कामावर उभी राहिली. त्या काळी किरणांपासून जपण्याचे ज्ञान पुरते नव्हते, आणि मारी क्युरी १९३४ साली रक्ताच्या विकाराने गेल्या. आज ते ज्ञान आहे, बिल्ला आहे, एप्रन आहे. नाही तो फक्त वर्ग.

आणि वर्ग झाला तरी पुढे काय, हा खरा प्रश्न आहे. आपल्याकडे मावशी आणि तंत्रज्ञ यांच्यामध्ये पायरीच नाही. तंत्रज्ञ व्हायचे तर बारावी विज्ञान आणि त्यावर मान्य पदविका किंवा पदवी पाहिजे. ते योग्यच आहे. ज्याच्या हातात किरणांचे बटण आहे त्याला शास्त्र आलेच पाहिजे, तिथे सवलत मागणे मला पटत नाही. पण मग बारा वर्षे त्या खोलीत उभी राहिलेली बाई तेराव्या वर्षीही 'हेल्पर'च का राहावी? विलायतेत २००३ च्या सुमारास या खात्यासाठी चार पायऱ्या आखल्या गेल्या. सहायक, त्यावर तंत्रज्ञ, त्यावर प्रगत तंत्रज्ञ, आणि सर्वांत वर सल्लागार. स्तनांच्या कर्करोगाच्या तपासणीला तिथे माणसे अपुरी पडू लागली, तेव्हा सहायकांना ठरावीक शिक्षण देऊन, तंत्रज्ञाच्या नजरेखाली, तेवढ्या एका प्रकारचे फोटो काढायला त्यांनी तयार केले. सगळे काम त्यांच्या हाती दिले नाही. एकच काम, पण पुरते शिकवून. अशी एखादी मधली पायरी इथे झाली तर आपल्या बायकांचाच फायदा आहे. स्तनांच्या तपासणीला आपल्यापैकी किती जणी लाजेने जात नाहीत ते मला सांगायला नको. तिथे बाईच भेटेल, आणि ती बाई नीट बोलेल, असे कळले तर पुष्कळ जणी जातील. (जाणाऱ्यांनी त्या दिवशी काखेत पावडर लावू नये. फोटोत तिचे पांढरे कण रोगाच्या खुणेसारखे दिसतात.)

दुसरी अडचण ठेक्याची. पुष्कळ मोठ्या इस्पितळांतून ही माणसे कंत्राटदाराकडून येतात. ठेका बदलला की माणसे बदलतात. सहा महिन्यांत एखादीला थोडे उमगू लागते, तोवर ती जाते आणि तिच्या जागी नवी येते. शिकवणाऱ्या तंत्रज्ञालाही मग कंटाळा येतो, आणि त्याचेही मला पुरते खोटे वाटत नाही.

वन्संनी आपल्यापुरती वाट काढली. त्या नववीत शाळेतून निघाल्या होत्या. एकोणचाळिसाव्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून त्या दहावीला बसल्या. रात्री मुलगी आईला गणित शिकवायची, आणि आमच्या सासूबाई "आता या वयात!" म्हणत दोघींना दूध नेऊन द्यायच्या. गणितात काठावर सुटल्या, पण सुटल्या. मग त्यांनी डॉक्टरांकडे जाऊन पगाराआधी हुद्दा मागितला. ओळखपत्रावर आता 'विभाग सहायक' असे लिहिले आहे. पगार फारसा वाढला नाही. पण नवी बाई कामाला आली की पहिले तीन दिवस ती वन्संच्या हाताखाली राहते, आणि त्या तीन दिवसांचे वन्संना वेगळे पैसे मिळतात. हा नियम कोणत्याही सरकारी कागदात नाही. एका डॉक्टरांनी मानला म्हणून आहे, उद्या नाही मानला तर नाही.

आता मुलींबद्दल, कारण हे ऐकून आपल्या मुलींना या कामात घालावे असे काहींच्या मनात येईल. जरूर घालावे. पण आधी चौकशी. आपल्याच आळीतल्या एका मुलीने दहावीनंतर सहा महिन्यांच्या 'एक्सरे टेक्निशियन'च्या वर्गाला पैसे भरले. आईने पाटल्या मोडल्या. प्रमाणपत्र रंगीत, सोनेरी शिक्क्याचे. नोकरीला गेली तर कोणी ते हातात धरीना, कारण त्या वर्गाला कुठलीच मान्यता नव्हती. त्या वर्गाचे नाव मी इथे काढत नाही. नाव बदलून ते पुन्हा निघतीलच.

तेव्हा हिशेब घरीच करावा. २०२१ साली केंद्र सरकारने या सगळ्या पूरक आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात क्ष-किरण आणि इमेजिंगचे तंत्रज्ञ आले आहेत. त्या कायद्यात दोन वर्ग आहेत. खालच्या वर्गाला किमान २००० तासांचे शिक्षण, दोन ते चार वर्षांत पसरलेले. वरच्या वर्गाला किमान ३६०० तास, तीन ते सहा वर्षांत. आता सहा महिन्यांत २००० तास बसवायचे, तर महिन्याला पंचवीस दिवस धरून रोज तेरा तासांहून जास्त शिकावे लागेल. असा वर्ग कुठे असतो का? गणित मला सातवीपर्यंतच आले, पण एवढे पुरते. आपल्या राज्यात नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. १९९८ साली ते स्थापन झाले. बारावी विज्ञानानंतर पॅरामेडिकल तंत्रज्ञानाची पदवी तिथे आहे आणि त्यात क्ष-किरण तंत्राची शाखा आहे. वर्गाला कोणत्या विद्यापीठाची किंवा सरकारी मंडळाची मान्यता आहे ते कागदावर पाहावे, त्या संस्थेच्या यादीत नाव शोधावे, आणि प्रत्यक्ष यंत्रावर शिकवणारे रुग्णालय कोणते ते विचारावे. यंत्राशिवाय नुसत्या खोलीत शिकवतात म्हणाले की उठून यावे.

आमची भाची यंदा बारावी विज्ञानाला आहे आणि तिला हीच पदवी करायची आहे. घरात यावरून दोन तट पडले. सासूबाई म्हणतात, "आईने जन्म किरणांत घालवला, आता पोरीलाही त्यातच लोटता? लग्न कोण करील?" मी त्यांना दोष देत नाही. त्यांची लेक सहा वर्षे बिल्ल्याशिवाय पोरे धरून उभी होती, हे त्यांना नंतर कळले, आणि ते कळल्यावर त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. शेवटी वन्संनी आपल्या बिल्ल्याचे तिमाही अहवाल काढले. बिल्ला मिळाल्यापासूनचे सगळे, दोऱ्याने बांधून ठेवलेले. सासूबाईंना वाचता येत नाही म्हणून मी एकेक वाचून दाखवला. जवळजवळ सगळीकडे शून्याशेजारचे आकडे. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आणि त्या आधीच्या सहा वर्षांचे?" त्याचा कागद नाही.

सासूबाईंनी होकार दिला आहे, पण अट घातली आहे की पहिल्या दिवशी बिल्ला मिळाल्याशिवाय पोरीने खोलीत पाय ठेवायचा नाही. अट मला चांगली वाटली.

मंडळापुढे माझे दोन गोष्टींचे मागणे आहे. एक, शिक्षण-फंडातून आपण दरवर्षी वह्या आणि गणवेश देतो. त्यातला काही भाग दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरणाऱ्या कामकरी बायकांच्या फीसाठी ठेवावा. आपल्या आळीत इस्पितळांतून मावशी म्हणून जाणाऱ्या पाच जणी मीच मोजल्या आहेत. दुसरे, वन्सं आणि त्या केंद्रातली तंत्रज्ञ मुलगी, दोघी या पाच जणींसाठी चार रविवार सकाळी दोन-दोन तास द्यायला तयार आहेत. मंडळाची खोली त्या वेळी रिकामीच असते. किल्ली मात्र हवी, आणि चहाचा खर्च कोणी करायचा ते अध्यक्षबाईंनी ठरवावे.

ज्यांच्या मुलींनी कुठल्या वर्गाचे माहितीपत्रक घरी आणले असेल त्यांनी ते पैसे भरण्याआधी शनिवारी चारनंतर मंडळात घेऊन यावे. वन्संना शनिवारी अर्धा दिवस असतो. त्या आणि भाची कागद पाहून देतील.